व्यावसायिक फुटबॉल अकादमीत खेळाडू कसा घडतो : पालक आणि प्रशिक्षकांसाठी वयानुसार मार्गदर्शन

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला फुटबॉल अकादमीत घालायचे ठरले की पालक आधी मैदान पाहतात, मग फी विचारतात आणि निघताना कार्यालयातल्या करंडकांवर नजर टाकतात. या प्रश्नांत वावगे काही नाही. मात्र एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : आज वर्गात सर्वांत बुटका असलेला, धावण्यात मागे पडणारा, पण चेंडू पायाशी आला की वेगळाच दिसणारा मुलगा तुमच्याकडे आला, तर पुढची चार वर्षे तुम्ही त्याचे काय कराल? युरोपातील ज्या क्लबांनी पिढ्यानपिढ्या आपले खेळाडू आपणच तयार केले, त्यांची सगळी व्यवस्था या एका प्रश्नाभोवती उभी आहे. बारा वर्षांचा मुलगा आज किती चांगला आहे आणि तो वीस वर्षांचा झाल्यावर किती चांगला असेल, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी बऱ्याच चुका करून ओळखले आहे.

हा लेख वयाच्या क्रमाने जातो. प्रत्येक टप्प्यावर मोठ्या अकादम्या नेमके काय करतात, का करतात, आणि त्यातले काय कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा मडगावच्या मैदानावर फारसा खर्च न करता आणता येईल, ते सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आधी चौकट समजून घ्या

इंग्लंडची व्यवस्था सर्वांत तपशिलात लिहून ठेवलेली असल्यामुळे समजायला सोपी आहे. तेथे 2012 पासून प्रीमियर लीग या देशातील अव्वल व्यावसायिक स्पर्धेची ‘एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन’ ही योजना लागू आहे. तिच्यानुसार अकादम्यांची तपासणी होऊन त्यांना पहिली ते चौथी अशी श्रेणी मिळते आणि मुलांची वाटचाल तीन टप्प्यांत विभागली जाते : नऊ ते अकरा वर्षांखालील गटांचा पायाभरणीचा टप्पा, बारा ते सोळा वर्षांखालील गटांचा विकासाचा टप्पा आणि त्यानंतर एकविशीपर्यंतचा व्यावसायिक तयारीचा टप्पा. पहिल्या श्रेणीच्या अकादमीत लहान मुलांना आठवड्याला साधारण चार ते आठ तास आणि मधल्या टप्प्यातील मुलांना दहा ते बारा तास प्रशिक्षण मिळते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाला रोज सकाळ-संध्याकाळ मैदानावर राबवणे हे तेथील सर्वांत श्रीमंत क्लबसुद्धा करत नाहीत. आपल्याकडे काही ठिकाणी तसे करण्याचा अभिमान बाळगला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

जर्मनीची गोष्ट वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मन संघ आपल्या गटात तळाला राहिला. त्यानंतर महासंघाने परवान्याची अट म्हणून व्यावसायिक क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्र चालवणे बंधनकारक केले आणि 2002 पासून देशभर शेकडो ठिकाणी स्थानिक प्रशिक्षण केंद्रे उघडली, जेणेकरून मोठ्या क्लबपासून दूर, खेड्यात राहणारा मुलगाही आठवड्यातून एकदा चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळेल. 2014 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील बहुतेक तरुण खेळाडू याच रचनेतून आले होते. बदल ठरवल्यापासून फळ मिळेपर्यंत चौदा वर्षे गेली, ही बाब प्रत्येक अकादमी चालकाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी.

निवड करताना कोणाला पाहायचे

ॲमस्टरडॅमच्या आयॅक्स क्लबने निवडीसाठी चार निकष रूढ केले : तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. चारही निकष मुलाच्या खेळातूनच पाहायचे असतात. गोल किती केले, याला त्यात जागा नाही, कारण दहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात गोल बहुधा सर्वांत दणकट मुलगा करतो. अनुभवी स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा, सामना पाहताना चेंडू नसलेल्या मुलाकडे अधिक पाहतो : चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे वळून पाहतो का, चेंडू गमावल्यावर हात झटकून उभा राहतो की लगेच मागे धावतो, सोबत्याची चूक झाल्यावर त्याच्यावर ओरडतो की त्याला पुढचा पास मागतो. इंग्लिश अकादम्यांत एका दिवसाच्या चाचणीवर सहसा निर्णय होत नाही. मुलाला काही आठवडे संघासोबत सराव करू देतात आणि मग ठरवतात. आपल्याकडे दोनशे मुलांना एका सकाळी रांगेत उभे करून वीस मिनिटांच्या सामन्यांवर जी ‘ट्रायल’ घेतली जाते, तीतून त्या दिवशी कोण मोठा आहे एवढेच कळते.

निवडीत सर्वांत खोलवर दडलेला दोष जन्ममहिन्याचा आहे. वयोगटाची गणना 1 जानेवारीपासून होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे, म्हणजे आयुष्याच्या दहाव्या हिश्शाचे अंतर असते. पहिला मुलगा अधिक वेगवान दिसतो, म्हणून निवडला जातो. निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो. चांगल्या प्रशिक्षणामुळे तो खरोखरच पुढे जातो, आणि मग निवड करणारा म्हणतो की माझी नजर बरोबर होती. जगभरच्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त असतात. इंग्लंडमध्ये गणना 1 सप्टेंबरपासून होते, त्यामुळे तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मुलांची गर्दी असते. यावरून हा दोष मुलांत नसून मोजपट्टीत आहे हे सिद्ध होते.

मी स्वतः काही वर्षे शालेय संघाच्या निवडीत बसलो आहे. नंतर एकदा जुन्या याद्या काढून जन्मतारखा लावल्या, तेव्हा जानेवारी ते मार्चची मुले निम्म्याहून अधिक निघाली. आम्ही कोणी मुद्दाम तसे केले नव्हते. तेव्हापासून करतो तो उपाय साधा आहे : निवडीच्या दिवशी मुलांना मिळेल त्या क्रमाने क्रमांक न देता जन्मतारखेच्या क्रमाने सदऱ्यांवर क्रमांक द्यायचे, म्हणजे 1 क्रमांकाचा मुलगा गटात सर्वांत मोठा आणि 40 क्रमांकाचा सर्वांत लहान. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वय सतत राहते आणि 38 क्रमांकाच्या मुलाने केलेली साधी चाल वेगळ्या मोलाची वाटू लागते.

याला जोडून आपल्याकडचे एक कटू सत्य सांगायलाच हवे. वय चोरण्याच्या खटाटोपात दोन मुलांचे नुकसान होते : ज्याची जागा जाते त्याचे, आणि ज्याचे वय कमी लावले त्याचेही, कारण तो चार वर्षे आपल्यापेक्षा लहान मुलांना केवळ ताकदीने हरवत राहतो आणि काहीच शिकत नाही. 17 वर्षांखालील विश्वचषकात फिफाने 2009 पासून हाडांच्या वाढीवरून वय ओळखणारी मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. तोपर्यंत टिकलेली खोटी जन्मतारीख तेथे गळून पडते.

नऊ ते अकरा : चेंडूशी मैत्री

या वयात मोठ्या अकादमीचे मैदान पाहिले तर शिस्तबद्ध रांगा दिसत नाहीत. दिसतात छोटे-छोटे चौकोन आणि प्रत्येकात चार-पाच मुले. बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीची ओळख बनलेला ‘रोंदो’ हा खेळ याच चौकोनात चालतो : चार मुले कडेने उभी, एक किंवा दोन मध्ये, आणि कडेच्यांनी मधल्याला चेंडू लागू न देता पास करत राहायचे. खेळ सोपा दिसतो, पण त्यात चेंडू घेण्याआधी आजूबाजूला पाहणे, अंग मैदानाकडे वळवून ठेवणे, योग्य पायाने योग्य जोराचा पास देणे आणि चेंडू गमावला की लगेच मागे लागणे, हे सर्व एका मिनिटात वीस वेळा घडते. योहान क्रायफ 1988 मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाल्यावर सर्व वयोगटांनी मुख्य संघाच्याच पद्धतीने खेळावे हा आग्रह पक्का झाला, आणि त्यामुळे तेथला अकरा वर्षांचा मुलगा पुढे वरच्या संघात गेला तर त्याला भाषा नवी वाटत नाही.

मैदानाचा आकार आणि खेळाडूंची संख्या हे या टप्प्यावरचे दोन मोठे शिक्षक आहेत. इंग्लंडमध्ये मुले छोट्या संघांपासून सात-सात, मग नऊ-नऊ असे करत तेरा-चौदा वर्षांच्या सुमारासच पूर्ण अकरा-अकराच्या सामन्याला पोहोचतात. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांना दोन-दोन, तीन-तीन जणांच्या, चार छोट्या गोलांच्या सामन्यांवर आणले. कारण उघड आहे. पूर्ण मैदानावर बावीस मुले धावतात तेव्हा एखाद्या मुलाच्या पायाला अर्ध्या तासात चेंडू मोजके वेळा लागतो. तीन-तीनच्या सामन्यात तो पळत असतानाही विचार करावा लागेल इतक्या वेळा लागतो.

आपल्या मैदानावर वीस मुले आणि दीड तास असेल, तर पुढील आखणी सहज जमते. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येकाला एक चेंडू द्यावा आणि तो पायाशी ठेवून दिशा बदलणे, थांबवणे, तळव्याने ओढणे असे खेळ घ्यावेत. चेंडू पुरेसे नसतील तर गणवेशाचे पैसे चेंडूंकडे वळवावेत. पुढची वीस मिनिटे आठ-दहा मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक असा रोंदो घ्यावा. त्यानंतर एक प्रश्न मांडणारा खेळ घ्यावा, उदाहरणार्थ तीन जणांनी दोघांना चुकवून छोट्या गोलात चेंडू न्यायचा. येथे प्रशिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई न करता खेळ थांबवून ‘मोकळी जागा कुठे होती?’ एवढेच विचारावे. उरलेला सर्व वेळ तीन-तीन किंवा चार-चारचे सामने खेळू द्यावेत, दर सहा मिनिटांनी संघ बदलावेत. चार क्रमांकाचा छोटा चेंडू वापरावा. मैदानाला फेऱ्या मारायला लावून दम वाढवण्याची या वयात गरज नाही. छोट्या सामन्यात तो आपोआप वाढतो.

या वयात मुलाला एकाच जागी खेळवू नये. आज बचावात चांगला वाटणारा मुलगा दोन वर्षांनी कोणत्या बांध्याचा होईल हे कोणालाच माहीत नसते. गोलरक्षकालाही मैदानात खेळवावे, कारण आजच्या खेळात त्याला पायाने पास द्यावेच लागतात.

बारा ते पंधरा : झपाट्याने वाढण्याची वर्षे

सर्वांत जास्त चुका येथे होतात आणि सर्वांत जास्त खेळाडू येथेच गमावले जातात, म्हणून येथे जरा थांबू.

मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींचा साधारण दोन वर्षे आधी. पण सरासरीत फसगत आहे. एखाद्या मुलाला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटते, तर दुसऱ्याचा आवाज सोळाव्या वर्षीही फुटलेला नसतो. म्हणजे चौदा वर्षांखालील एकाच संघात शरीराच्या वयाने चार-पाच वर्षांचे अंतर असलेली मुले एकमेकांशी टक्कर घेत असतात. थोराड मुलगा रेटून पुढे जातो, त्याला पास देण्याची गरज वाटत नाही. किरकोळ अंगाच्या मुलाला टिकायचे असेल तर चेंडू लवकर सोडावा लागतो, आधी विचार करावा लागतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी उंची बरोबरीला आली की पहिल्याचे हत्यार बोथट होते, आणि दुसरा तोपर्यंत टिकला असेल तर त्याच्याकडे असे कौशल्य असते जे पहिल्याने कधी शिकलेच नाही. 2010 च्या बॅलन डी’ओर या जगातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या पहिल्या तिन्ही जागांवर मेस्सी, इनिएस्ता आणि झावी हे ला मासियाचे तीन खेळाडू होते, आणि तिघांचीही उंची 170 सेंटीमीटरच्या आसपास होती. दुसरीकडे अँत्वान ग्रीझमनला लहान चणीमुळे अनेक फ्रेंच क्लबांनी नाकारले, शेवटी सीमेपलीकडच्या स्पेनमधील रेआल सोसिएदादने त्याला घेतले, आणि पुढे तो फ्रान्ससाठी विश्वचषक जिंकला.

यावर अकादम्यांनी शोधलेला उपाय म्हणजे शरीराच्या वयानुसार गट पाडणे. मुलाचे वय, उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याची प्रौढपणी होणारी उंची अंदाजता येते. खामिस-रोश नावाची पद्धत त्यासाठी वापरतात. मग आजची उंची त्या अंदाजाच्या किती टक्के आहे हे काढतात. समजा तेरा वर्षांचे दोन मुलगे आहेत. एकाची उंची 150 सेंटीमीटर आणि अंदाज 176, म्हणजे तो सुमारे 85 टक्क्यांवर आहे. दुसऱ्याची उंची 168 आणि अंदाज 178, म्हणजे तो 94 टक्क्यांवर पोहोचला आहे. दोघांची जन्मतारीख एक असली तरी शरीराच्या हिशेबाने दुसरा कितीतरी पुढे आहे. प्रीमियर लीगने 2015 मध्ये 85 ते 90 टक्क्यांच्या मुलांना एकत्र आणून सामने खेळवले. लवकर वाढलेल्या मुलांनी नंतर सांगितले की सामने जड गेले आणि डोके वापरावे लागले. उशिरा वाढणाऱ्यांनी सांगितले की प्रथमच आपल्याला खेळ दाखवता आला. बेल्जियमच्या महासंघाने तर उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचे वेगळे राष्ट्रीय युवा संघच उभे केले.

हे सर्व आपल्याकडे करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भिंतीवर पक्की मोजपट्टी, एक वजनकाटा आणि एक वही पुरते. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, अनवाणी, एकाच व्यक्तीने मोजमाप घ्यावे, कारण संध्याकाळपर्यंत उंची किंचित घटते आणि माणूस बदलला की हातही बदलतो. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरांहून अधिक वाढ दिसली तर मुलगा झपाट्याच्या काळात शिरला आहे असे धरावे. या काळात हात-पाय धडाच्या आधी लांब होतात. काल सहज जमणारा चेंडूचा ताबा आज सुटतो, धावताना पाय अडखळतात, आणि प्रशिक्षक म्हणतो की पोराचे लक्ष उडाले. लक्ष उडालेले नसते. त्याच्या मेंदूजवळ जुन्या शरीराचा नकाशा असतो आणि नवे शरीर त्यात बसत नाही.

याच काळात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर आणि टाचेच्या मागे दुखणे सुरू होते. वाढत्या हाडाला चिकटलेला स्नायू त्याला ओढत असल्यामुळे हे घडते. गुडघ्याच्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर आणि टाचेच्या दुखण्याला सेव्हर असे म्हणतात. बहुतेकांचे दुखणे वाढ थांबल्यावर जाते, पण तोपर्यंत ‘थोडे सहन कर’ म्हणून पळवत राहिले तर महिनोन्महिने खेळ सुटू शकतो. म्हणून झपाट्याच्या काळातल्या मुलाच्या उड्या, वेगाने धावून एकदम थांबणे आणि लांब किक यांचे प्रमाण कमी करावे, त्या जागी तोल, समन्वय आणि छोट्या जागेतले पास वाढवावेत. दुखणे आठवड्याहून अधिक टिकले, सूज आली किंवा रात्री झोपमोड होऊ लागली तर डॉक्टरांना दाखवावे. सरावाआधी फिफाचा ‘11+’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम घ्यावा. त्याला साहित्य लागत नाही आणि दुखापती कमी होतात. मुलींच्या संघाने तर तो कधीच चुकवू नये, कारण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा बराच अधिक असतो.

प्रत्येकासाठी वेगळे पान

मोठ्या अकादमीत संघाच्या योजनेइतकीच प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना महत्त्वाची असते. इंग्लंडमध्ये खेळाडूकडे चार कोपऱ्यांतून पाहतात : तंत्र व डावपेच, शरीर, मन आणि सामाजिक वागणे. दर सहा ते बारा आठवड्यांनी प्रशिक्षक, फिजिओ आणि शिक्षण पाहणारे एकत्र बसून त्याचा आढावा घेतात, मुलाशी व पालकांशी बोलतात आणि पुढच्या काळासाठी एक-दोन उद्दिष्टे ठरवतात. उद्दिष्ट डोळ्यांनी दिसेल असे लागते. ‘पासिंग सुधार’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘डावा बचावपटू म्हणून चेंडू घेताना कडेच्या रेषेकडे तोंड न ठेवता अंग मैदानाकडे उघडे ठेव, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढे जाता येईल’ हे उद्दिष्ट आहे. पुढच्या सामन्यात दहापैकी किती वेळा जमले हे वडीलही कडेला उभे राहून मोजू शकतात.

मुलाचे बलस्थान वाढवणे हेही त्या पानावर असावे. आपल्याकडे आढावा म्हणजे उणिवांची यादी असते, आणि अखेर सर्व बाबतींत बरा, कशातच विलक्षण नाही असा खेळाडू हाती येतो. वरच्या संघात जागा त्याला मिळते ज्याच्याकडे एखादी गोष्ट इतरांपेक्षा ठळकपणे अधिक आहे.

शाळा आणि घर

फ्रान्सच्या क्लेरफाँतेन केंद्राची रचना येथे विचारात घेण्यासारखी आहे. 1988 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात पॅरिस परिसरातील निवडक मुले तेराव्या ते पंधराव्या वर्षी दोन वर्षे आठवडाभर राहतात, दिवसा शाळेत जातात, सराव करतात, आणि शनिवार-रविवारी आपापल्या मूळ क्लबकडून खेळायला घरी परततात. किलियन एम्बापे तेथे असताना आठवड्याअखेर बाँडीच्या आपल्या क्लबकडूनच खेळत असे. मुलगा घरापासून आणि मित्रांपासून तुटत नाही हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. ला मासियाचे मूळ घर म्हणजे 1702 मधील एक जुना शेतवाडा. तो 1979 पासून बाहेरगावच्या मुलांचे वसतिगृह बनला आणि 2011 मध्ये वसतिगृह नव्या इमारतीत गेले. बारा वर्षांचा इनिएस्ता तेथे आला तेव्हा घरच्या आठवणीने रडत असे, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. निवासी अकादमी निवडणाऱ्या पालकांनी मैदानाआधी वसतिगृह पाहावे : रात्री मुलांसोबत कोण राहते, शाळेची हजेरी कोण तपासते, आणि मुलाला तक्रार करायची असेल तर प्रशिक्षकाखेरीज दुसरे कोण आहे.

सोळावे वर्ष आणि नकार

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी अकादमी मुलाला दोन वर्षांची शिष्यवृत्ती देते किंवा निरोप देते. निरोप मिळणारेच नेहमी अधिक असतात, आणि शिष्यवृत्ती मिळालेल्यांतही वरच्या संघापर्यंत पोहोचणारे थोडे. पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या हॅरी केनला आर्सेनलने लहानपणीच सोडले होते, जेमी व्हार्डीला शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी. पण अशा उदाहरणांवर विसंबून पालकांनी दिलासा घेऊ नये, कारण सोडलेल्या मुलांपैकी बहुसंख्य पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळत नाहीत. म्हणून चांगली अकादमी ओळखण्याची माझी कसोटी ही आहे की ती सोडलेल्या मुलांशी कशी वागते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबने अकादमीतून बाहेर पडलेल्या युवकांना तीन वर्षे शिक्षण, नोकरी आणि मानसिक आधार यांसाठी मदत देण्याची व्यवस्था केली आहे. आपल्या गावच्या अकादमीला एवढे जमणार नाही. पण निर्णय मोबाइलवरच्या संदेशाने किंवा फलकावरच्या यादीने न कळवता, मुलाला व पालकांना समोर बसवून, कारणे सांगून आणि पुढे कोठे खेळता येईल हे सुचवून कळवणे कोणालाही जमते.

सतरा ते एकवीस : मधला पूल

युवा संघातील उत्तम खेळाडू आणि मोठ्यांचा सामना यांत रुंद दरी असते. स्पेनमध्ये क्लबांचे दुय्यम संघ मोठ्यांच्याच स्पर्धांत, खालच्या विभागांत खेळतात, त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा तिशीतल्या कसलेल्या बचावपटूशी झुंजायला शिकतो. इंग्लंडमध्ये तशी सोय नसल्यामुळे खेळाडूंना उसने पाठवतात. केनने लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर अशा चार क्लबांत असा काळ काढला. आपल्याकडे हा पूल फार अरुंद आहे. कोल्हापुरात मात्र तालमींच्या संघांत सोळा-सतरा वर्षांची पोरे भरल्या शाहू स्टेडियममध्ये मोठ्यांसोबत उतरतात, आणि त्या दबावाचे मोल शहराबाहेरच्या प्रशिक्षकांनी कमी लेखू नये. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. गोव्यातही गावोगावच्या स्पर्धा हेच काम पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत.

नियम, परदेशी चाचणी आणि पैसा

आता पालकांच्या खिशाला भिडणारा भाग. फिफाच्या नियमांतील 19 व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर मुळात निषिद्ध आहे. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थायिक झाले असतील, अशासारखे मोजकेच अपवाद आहेत. हा नियम मोडल्याबद्दल 2014 मध्ये खुद्द बार्सिलोनावर नवे खेळाडू घेण्याची बंदी आली होती. त्यामुळे ‘तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला युरोपातल्या क्लबमध्ये करार मिळवून देतो, प्रवासाचे आणि चाचणीचे इतके लाख भरा’ असे कोणी सांगत असेल, तर तो माणूस नियमानुसार शक्य नसलेली गोष्ट विकत आहे. परदेशी क्लबचे नाव आणि रंग वापरणाऱ्या शाखांबाबतही दोन प्रश्न विचारावेत : रोज मैदानावर उभा राहणारा प्रशिक्षक कोण, आणि त्याच्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कोणता परवाना आहे. क्लबचे नाव भिंतीवर असते. शिकवतो तो माणूस.

याउलट ज्या नियमाचा लाभ आपले छोटे क्लब घेऊ शकतात, त्याची माहितीच अनेकांना नसते. व्यावसायिक खेळाडूचे करार चालू असताना आंतरराष्ट्रीय हस्तांतर झाले तर रकमेच्या 5 टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो : बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक हंगामासाठी एकूण रकमेच्या 0.25 टक्का आणि सोळा ते तेवीसच्या प्रत्येक हंगामासाठी 0.5 टक्का. समजा तुमच्या क्लबात बारा ते पंधरा अशी चार वर्षे खेळलेला मुलगा पुढे 5 कोटी रुपयांना परदेशी गेला, तर तुमच्या क्लबचा हक्क 1 टक्का म्हणजे 5 लाख रुपयांवर असतो. तेवढ्यात एका छोट्या क्लबचे कितीतरी चेंडू येतील. मात्र हा हक्क मागण्यासाठी मुलगा त्या वर्षांत त्या क्लबकडे महासंघाच्या नोंदणी प्रणालीत अधिकृतपणे नोंदलेला असावा लागतो. सामन्याचे फोटो, प्रमाणपत्रे आणि गावकऱ्यांची साक्ष येथे उपयोगी पडत नाहीत. म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मुलाची नोंदणी झाली का, कोणत्या तारखेला झाली आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते का हे पालकांनी आणि क्लबच्या चिटणिसांनी मिळून तपासावे, आणि नोंदणीची छापील प्रत उंचीच्या त्याच वहीत चिकटवून ठेवावी.